गोव्यातील भाजीपाला आणि भात: कीड-रोगांची ओळख, मोजणी आणि उपाय

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. माती जांभ्याची आणि बहुतेक ठिकाणी आम्ल, हवा जवळजवळ बारमाही दमट, आणि एकाच शेतात पावसाळ्यात भात व त्यापाठोपाठ वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) वांगी, मिरची, अळसांदे (चवळी) किंवा तांबडी भाजी (लाल माठ), अशी इथली पीकपद्धती आहे. त्यामुळे घाटावरच्या कोरड्या हवेसाठी आखलेले फवारणीचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. शिवाय आपली शेते लहान असतात. हजार-दोन हजार चौरस मीटरच्या मळ्यात रोज एक फेरी मारणे शक्य असते आणि हीच आपली सर्वांत मोठी सोय आहे. तरीही बहुतेकांचा क्रम उलटा असतो: पान वाकडे दिसले की दुकान गाठायचे, मिळेल ती बाटली आणायची, फवारायची आणि फरक पडला नाही की दुसरी आणायची. या लेखातील क्रम वेगळा आहे. आधी कीड किंवा रोग नेमका ओळखावा, मग त्याचे प्रमाण मोजावे, हाताने किंवा सापळ्याने जे होण्यासारखे आहे ते करावे आणि औषधाकडे सर्वांत शेवटी वळावे. गवे, रानडुकरे आणि माकडे यांचा उपद्रव हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

पेरणीआधी करावयाची कामे

रोपवाटिकेची जागा दरवर्षी बदलावी. ते शक्य नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे, कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. उन्हाने तापलेल्या ओलसर मातीत रोप कोलमडवणाऱ्या बुरशीचा आणि सूत्रकृमींचा बराचसा नाश होतो. पावसाला साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात होत असल्याने हे काम एप्रिलच्या शेवटी हाती घेतले तरच पुरेसे दिवस मिळतात. वाफा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच असावा आणि बी फोकून न टाकता ओळीत पेरावे. दाट रोपांत हवा खेळत नाही आणि एका रोपाची कूज दोन दिवसांत हातभर पसरते. मिरची आणि टोमॅटो यांची रोपे बारीक जाळीच्या आच्छादनाखाली वाढवल्यास पांढरी माशी व फुलकिडे लांब राहतात. लहान वयात विषाणू शिरलेले रोप पुढे कोणत्याही औषधाने सुधारत नाही, म्हणून जाळीवरचा खर्च वाया जात नाही.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना मारणारी उपयुक्त बुरशी) वापरायचे असल्यास एक किलो भुकटी शंभर किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवावी आणि मग ते खत वाफ्यात किंवा लावणीच्या खड्ड्यात घालावे. त्याच मातीत लगेच तांब्याचे बुरशीनाशक ओतू नये, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. आठवड्यात दोन्ही वापरून "जैविक औषधाचा गुण येत नाही" अशी तक्रार करणारे शेतकरी पुष्कळ भेटतात.

भाताच्या बियाण्यासाठी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, खाली बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे आणि मग किलोला १० ग्रॅम स्युडोमोनास (रोग रोखणाऱ्या उपयुक्त जिवाणूंची भुकटी) चोळून पेरावे. मिठाने बी नासते ही भीती धरण्याचे कारण नाही. मात्र धुण्यात हयगय करू नये.

झाड मलूल झाले, पण कशाने?

वायंगणी वांगी, टोमॅटो आणि मिरची यांचे गोव्यातील सर्वांत मोठे नुकसान मर रोगाने होते. आम्ल माती, उष्णता आणि ओलावा या तिन्ही गोष्टी जिवाणूजन्य मर रोगाला मानवतात. पण मलूल दिसणारे प्रत्येक झाड या रोगाचे नसते, आणि कारणानुसार उपाय पूर्णपणे बदलतो. म्हणून ओळखीवर थोडा वेळ घालवावा.

सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी मान टाकते, पाने पिवळी न पडता हिरवीच लोंबतात आणि तीन-चार दिवसांत झाड उभेच्या उभे सुकते, हे जिवाणूजन्य मर रोगाचे लक्षण होय. खात्री करण्यासाठी ते झाड उपटून बुडख्याजवळचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार सुरीने कापावा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेले टोक पाण्यात बुडेल असा तो धरावा आणि हात न हलवता पेल्यामागे काळा कागद लावून पाहावे. काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरट धार धाग्याप्रमाणे खाली उतरू लागते आणि थोड्या वेळाने पेल्यातील पाणी गढूळ होते. हे जिवाणू आहेत. धार आली नाही, पाने खालून वर एकेक करून पिवळी पडत गेली आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसली, तर ती बुरशीजन्य मर समजावी. बुडख्यावर मातीलगत पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्यांएवढ्या तपकिरी गोळ्या दिसल्या तर ती खोडकूज आहे. मुळांवर गाठी असतील तर कारण सूत्रकृमी. येथे अळसांद्याच्या बाबतीत फसगत होते, कारण त्याच्या मुळांवर नत्राच्या उपयुक्त गाठीही असतात. मात्र त्या नखाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी निघतात, तर सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच असल्याने ती सुटत नाही. आणि हे सर्व तपासण्याआधी वाफ्यात पाणी तुंबलेले नाही ना, एवढे पाहावे.

जिवाणूजन्य मर रोग ठरला की बुरशीनाशकाची बाटली बाजूला ठेवावी, कारण तिचा येथे काहीही उपयोग नाही. रोगट झाड मुळासकट आणि मुळाभोवतीच्या मातीसकट पिशवीत भरून शेताबाहेर न्यावे. ते मेरेवर (बांधावर) टाकणे म्हणजे पहिल्या पावसाबरोबर जिवाणू शेजाऱ्याच्या मळ्यात पाठवणे होय. खड्ड्यात चुना घालावा आणि त्या जागी पुन्हा रोप लावू नये. पाण्याची सरी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडण्याची पद्धत हा रोग सर्वाधिक पसरवते, म्हणून रोगट वाफ्याचे पाणी वेगळे तोडावे. ठिबक असल्यास उत्तम. विळा, खुरपे आणि पायांतील चपला धुतल्याशिवाय निरोगी वाफ्यात जाऊ नये.

पुढच्या हंगामाची योजना याहून महत्त्वाची आहे. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके त्या जागी किमान दोन-तीन वर्षे घेऊ नयेत. ज्या शेतात पावसाळ्यात भात उभा असतो आणि पाणी साचून राहते, तिथे या जिवाणूचा जोर घटतो, म्हणून मोरड (उंचावरच्या, पाणी न साचणाऱ्या) जमिनीवर सलग वांगी घेणाऱ्यापेक्षा भातानंतर वायंगणात वांगी घेणारा सुरक्षित असतो. माती परीक्षण करून सांगितलेल्या प्रमाणात चुना द्यावा. वाणांपैकी वांग्यात अर्का निधी, अर्का केशव आणि अर्का नीलकंठ, तसेच टोमॅटोत अर्का आभा व अर्का रक्षक हे या रोगाला प्रतिकारक आहेत. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही मर रोगाचा विचार करून वांग्याचे वाण निवडले आहेत. आगशीचे वांगे चवीला सरस आहे आणि ते सोडून द्या असे कोणी म्हणणार नाही, पण ते या रोगाला लवकर बळी पडते. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी प्रतिकारक खुंटावर त्याचे कलम करून घेण्याचा विचार करावा. माझ्या मते आपल्या पारंपरिक वांग्यापुढचा हाच व्यवहार्य मार्ग आहे.

वांग्यातील अळी

शेंडे व फळे पोखरणारी अळी प्रथम कोवळ्या शेंड्यात शिरते आणि तो शेंडा वाकून सुकतो. आठवड्यातून एकदा असे शेंडे सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून खुडून जाळावेत किंवा खोल पुरावेत. शेतकरी हे काम टाळतात, पण फळे धरण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत ते नियमित केले तर फळांतील कीड निश्चितपणे कमी होते. सोबत हजार चौरस मीटरला एक-दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाच्या गोळीने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या माथ्याच्या किंचित वर टांगावेत आणि आतील गोळी साधारण महिन्याने बदलावी. गोळी वांग्यातील अळीचीच आहे याची खात्री दुकानातच करावी. प्रत्येक किडीची गोळी वेगळी असते. अळी एकदा फळात गेली की तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून किडकी वांगी झाडावर ठेवून फवारणी करण्यात अर्थ नाही.

पाने बारीक होऊन झाड झुडपासारखे गुच्छाळ दिसू लागले तर तो पर्णगुच्छ रोग होय. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो, म्हणून असे झाड ताबडतोब उपटावे.

वेलभाज्या आणि फळमाशी

पावसाळ्यात मांडवावर चढणारी तवशी (काकडी), दोडकी, कारली, पडवळ आणि दुधी यांना चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास मोठी मागणी असते आणि नेमक्या त्याच काळात फळमाशीचा जोर असतो. मादी कोवळ्या फळाच्या सालीत सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. छिद्राजवळ डिंकासारखा थेंब दिसतो, फळ त्या बाजूला वाकडे होते आणि कापले की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या जमिनीत शिरून कोष करतात आणि त्यातून नवी पिढी बाहेर पडते.

या चक्रात माणसाला सहज हात घालता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे गळलेले व टोचलेले फळ. अशी फळे रोज गोळा करावीत, जाड प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि पिशवी आठवडाभर उन्हात ठेवावी. ऊन नसेल तर दोन फूट खोल खड्ड्यात पुरून माती दाबावी. खताच्या खड्ड्यात ती उघडी टाकू नयेत, कारण तिथे अळ्यांना मऊ आणि सुरक्षित जागा मिळते. वेलाच्या बुडाभोवतीची माती अधूनमधून हलकी खणावी, म्हणजे कोष वर येऊन पक्ष्यांच्या आणि मुंग्यांच्या दृष्टीस पडतात.

सापळ्यांत क्यू-ल्यूर या नर माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याची गोळी लागते. आंब्यासाठी वापरतात ती मिथाईल युजेनॉलची गोळी वेलभाज्यांवरील माशीला उपयोगी पडत नाही, आणि मे महिन्यात उरलेली गोळी पावसात दोडक्याच्या मांडवात टांगण्याची चूक सर्रास होते. हजार चौरस मीटरला दोन-तीन सापळे मांडवाच्या उंचीवर बांधावेत आणि पावसाचे पाणी आत जाणार नाही अशी झडप ठेवावी. हेही ध्यानात घ्यावे की या सापळ्यांत फक्त नर सापडतात. शेजारच्या मळ्यातून आलेली गाभण मादी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून एकट्याने चार सापळे लावण्यापेक्षा वाड्यावरील सर्वांनी एकाच आठवड्यात लावणे कितीतरी अधिक फलदायी ठरते. थोडेच वेल असतील तर फळधारणा झाल्यावर दोन-तीन दिवसांत फळावर पिशवी चढवावी. वर्तमानपत्राची पिशवी पावसात विरघळते, त्यामुळे न विणलेल्या कापडाची वापरावी.

पानांवरील दोन रोगांत गल्लत होऊ देऊ नये. केवडा पावसाळ्यात येतो. पानावर शिरांनी बांधलेले, कोपरेदार पिवळे डाग पडतात आणि सकाळी पान उलटले तर त्याच डागाखाली करडी बुरशी दिसते. भुरी कोरड्या दिवसांत, बहुधा वायंगणात येते आणि पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी पांढरी पूड पसरते. केवड्यासाठी दाट पाने विरळ करून, डाग दिसताच मॅन्कोझेब दहा लिटरला २५ ग्रॅम फवारावे. भुरीवर गंधक चालते, परंतु वेलवर्गीय पिकांची पाने गंधकाने कडक उन्हात करपतात, म्हणून ते कमी मात्रेत आणि ऊन उतरल्यावरच द्यावे. रोपावस्थेत पाने कुरतडणाऱ्या तांबड्या भुंग्यांसाठी पहाटे दव असताना चुलीतील राख धुरळण्याची जुनी पद्धत आजही पुरेशी आहे.

भेंडी, मिरची, पालेभाजी

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड त्याच दिवशी उपटावे. पांढरी माशी हा विषाणू पुढे नेते. अर्का अनामिका आणि परभणी क्रांती हे वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात. पावसाळी सात शिरांच्या भेंडीचे बी स्वतः राखणाऱ्यांनी ते केवळ निरोगी झाडांचेच राखावे.

मिरचीची पाने वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे, आणि खाली वळून देठ लांबला तर कोळी (माइट) असे साधारणपणे समजावे. कोळी हा कीटक नसल्यामुळे सामान्य कीटकनाशकाने तो मरत नाही. त्यासाठी कोळीनाशकच लागते. काणकोणातील खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतली जाते, तिथे निचरा आपोआप होतो. सपाट जागी मात्र फळकूज टाळण्यासाठी उंच वरंबे करावे लागतात आणि डाग पडलेली फळे सुकवण्याच्या राशीत जाऊ देता कामा नये.

तांबडी भाजी महिन्याभरात काढणीला येते, त्यामुळे तिच्यावर रासायनिक फवारणी करूच नये. अळसांद्याच्या शेंड्यावर मावा दिसला तर आधी त्यात ठिपकेदार भुंगे किंवा त्यांच्या अळ्या आहेत का ते पाहावे. त्या असतील तर चार दिवस थांबावे.

भात

भातात पहिला प्रश्न हा विचारावा की दिसते आहे तो रोगच आहे का. खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतात मानशीतून (पाणी सोडण्याच्या दरवाजातून) किंवा फुटलेल्या बांधातून खारे पाणी शिरले की पानांची टोके पांढरट होऊन जळतात. आम्ल जमिनीत, पाणी सतत साचून राहिले की लोहाच्या अतिरेकाने खालच्या जुन्या पानांवर टोकाकडून बारीक तांबूस ठिपके येतात. दोन्ही वेळा करपा समजून औषध मारले जाते, आणि दोन्ही वेळा खरा उपाय पाण्याचा असतो: पहिल्यात गोड्या पाण्याने शेत धुणे, दुसऱ्यात काही दिवस पाणी काढून जमीन मोकळी करणे. खरा करपा दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी डागांवरून ओळखावा. तो वाढत असेल तर युरियाचा पुढचा हप्ता थांबवावा आणि आयसोप्रोथिओलेन ४० टक्के प्रवाही, दहा लिटरला १५ मिलिलिटर फवारावे. कडा करप्यात पानाची कड लाटेसारखी पिवळी होत सुकत जाते. तिथेही युरिया बंद करावा आणि शेतातील पाणी शेजारच्या शेतात सोडू नये.

खोडकिडीची पतंगमादी पानांच्या टोकाकडे अंडी घालते, म्हणून लावणीपूर्वी तरव्याचे (भाताच्या रोपांचे) शेंडे खुडून नष्ट करणे हा फुकटचा आणि परिणामकारक उपाय आहे. नंतर शेतात तिरप्या रेषेत चालत वीस चूड (रोपांचे झुबके) तपासावेत आणि एकूण फुटव्यांपैकी किती सुकले ते मोजावे. पाच टक्क्यांपेक्षा कमी सुकले असतील तर काहीही टाकू नये. त्याहून अधिक असल्यास क्लोरँट्रानिलिप्रोल ०.४ टक्के दाणेदार हेक्टरी १० किलो, म्हणजे हजार चौरस मीटरला एक किलो द्यावे. गादमाशीने फुटव्याची चंदेरी नळी होते. उशिरा लावलेल्या भातात ती जास्त येते, म्हणून लावणी लांबवू नये. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात आणि वरून दिसत नाहीत. चूड वाकवून पाहावा. चुडाला दहाच्या आसपास दिसले तर आधी शेतातील पाणी काढावे आणि मग पायमेट्रोझिन हेक्टरी ३०० ग्रॅम या मानाने बुंध्यावर फवारावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे येथे वापरू नयेत. त्यांनी किडी खाणारे कोळी (स्पायडर) आणि मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात.

फवारणी करावयाचीच असेल तर

लेबलावरील मात्रा हेक्टरी असते आणि आपण शेत चौरस मीटरमध्ये मोजतो, म्हणून हिशेब नीट करावा. वांग्यातील अळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के हेक्टरी २०० ग्रॅम सांगितले आहे. हेक्टरला ५०० लिटर पाणी धरले तर दहा लिटरला ४ ग्रॅम होतात. बाजारातील बहुतेक पाठीवरचे पंप १६ लिटरचे असतात, त्यात सुमारे साडेसहा ग्रॅम पडतील, आणि हजार चौरस मीटरला ५० लिटर पाणी व २० ग्रॅम औषध पुरेल. झाकणाने माप घेण्याची सवय सोडून छोटा काटा आणि मापनळी घ्यावी.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे फवारणी आणि काढणी यांमधील प्रतीक्षाकाळ. हेच इमामेक्टिन वांग्यात तीन दिवसांचे आहे, तर क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के वांग्यात तब्बल २२ दिवसांचे आहे. वांगी दर चार-पाच दिवसांनी तोडली जातात, त्यामुळे तोडा सुरू झाल्यावर हे दुसरे औषध मारणे म्हणजे गिऱ्हाइकाला औषधच विकणे होय. चवथीच्या बाजाराआधीच्या आठवड्यात भाव चढलेला असतो आणि मोह होतो. त्या आठवड्यासाठी केवळ निंबोळी अर्क व हातवेचणी यांवरच भिस्त ठेवावी. कडुनिंब इकडे घाटावरच्याइतका सर्रास नसल्याने १,५०० पीपीएमचे तयार ॲझाडिरॅक्टिन लिटरला ५ मिलिलिटर घ्यावे आणि ते संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात त्याची शक्ती लवकर जाते.

फोरेट, डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. घरात जुना डबा पडला असेल तर तो "संपवून टाकण्यासाठी"ही वापरू नये. एकाच गटाचे औषध लागोपाठ दोनदा देऊ नये आणि तीन-चार औषधांचे मिश्रण करू नये. काकडी व भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, दोडका व दुधीची संध्याकाळी. मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटक त्या वेळी येतात, म्हणून पहिल्या दोहोंवर संध्याकाळी आणि दुसऱ्या दोहोंवर सकाळी फवारावे. पावसाळ्यात चिकट द्रव्य मिसळावे आणि किमान चार तास उघाड मिळेल अशीच वेळ निवडावी. हातमोजे, मुखपट्टी आणि लांब बाह्यांचा सदरा आवश्यक आहे. चक्कर, मळमळ किंवा धूसर दिसणे जाणवल्यास अंगावरील कपडे काढून साबणाने धुवावे, १०८ वर फोन करावा आणि औषधाचे लेबल डॉक्टरांकडे सोबत न्यावे.

ओळख पटली नाही तर

उत्तर गोव्यासाठी जुने गोवे येथे आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, शिवाय तालुक्याला विभागीय कृषी कार्यालय आहे. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ असा आहे. नमुना नेताना पूर्ण मेलेले झाड नेऊ नये, कारण त्यावर नंतर आलेल्या बुरशीच वाढलेल्या असतात. नुकताच आजारी पडलेला, मुळे शाबूत असलेला एक रोप आणि तुलनेसाठी एक निरोगी रोप न्यावा. मुळांची माती झटकून न टाकता तेवढा भाग प्लास्टिकमध्ये आणि वरची पाने कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावी. सगळे झाड ओलसर पिशवीत कोंबले तर पोहोचेपर्यंत ते कुजते. सोबत एका चिठ्ठीवर पीक, वाण, लावणीची तारीख, त्या जागी आधी घेतलेले पीक आणि आतापर्यंत केलेल्या सर्व फवारण्या तारखांसह लिहाव्यात, आणि नमुना सकाळी काढून त्याच दिवशी पोहोचवावा.